अहो, लॅपटॉप कोणता घेऊ?

दिवाळीचा बोनस हातात पडला की पूर्वी माणसे सोनाराकडे जात. मग ती रेडिओच्या दुकानात जाऊ लागली, पुढे फ्रिजच्या आणि रंगीत टीव्हीच्या. आता त्यांतली बरीचशी माझ्याकडे येतात. माझे दुकान नाही. पण या सदरात वर्षभर यंत्रांविषयी लिहीत असल्यामुळे ‘ह्यांना त्यातले कळते’ अशी एक समजूत पसरली आहे, आणि ऐन फराळाच्या ताटावर, चकलीचा तुकडा मोडता मोडता, मला विचारण्यात येते, “अहो, लॅपटॉप कोणता घेऊ?”

डॉक्टरांना लग्नकार्यात गाठून गुडघ्याचे औषध विचारतात, त्यातलाच हा प्रकार. डॉक्टर निदान ‘उद्या दवाखान्यात या’ असे म्हणू शकतात. मला तीही सोय नाही. म्हणून मी उलट विचारतो, “कशासाठी?” यावर पूर्वी ‘मुलाच्या अभ्यासासाठी’ असे ठराविक उत्तर येई. अलीकडे निराळेच उत्तर येऊ लागले आहे. “घरातले सिनेमे, गाणी, लग्नाच्या व्हिडिओ, फोटो, सगळं एका जागी ठेवायचं आहे. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, स्वयंपाकघरातल्या फोनवर, कुठेही बसून पाहता आलं पाहिजे. त्यासाठी भारीतला लॅपटॉप लागेल ना?”

लागत नाही. एवढे सांगून मी मोकळा झालो असतो. पण दिवाळी अंकात जागा ऐसपैस असते, आणि विषयही तसा दोन शब्दांत मावणारा नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी नाद कसला ते आधी सांगतो. चाळीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि नळ घरोघरी असतात, तशी ही व्यवस्था. घराच्या एखाद्या कोपऱ्यात एक संगणक अहोरात्र चालू ठेवायचा. तो झाला टाकी. त्याच्या पोटात घरचा सगळा साठा. टीव्ही, फोन, टॅब्लेट हे नळ. सिनेमा बघायचा म्हणजे अख्खा हंडा भरून आपल्याकडे आणायचा नाही. नळ सोडायचा आणि पेला पेला प्यायचे. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. नेटफ्लिक्स वगैरे कंपन्या करतात तेच हे. फरक इतकाच, की तिथे टाकी त्यांची आणि मीटरही त्यांचे.

कल्पना तशी जुनी आहे. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी विद्यालयातल्या पोरांनी हा उद्योग प्रथम मांडला. उपग्रहावरून येणारी दूरचित्रवाणी वसतिगृहातल्या संगणकांच्या जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोचवायची, अशी त्यांची खटपट. त्यातूनच व्हीएलसी नावाचा प्रोग्रॅम जन्मला. रस्त्यावर खोदकामाच्या जागी ठेवतात तसला नारिंगी शंकू त्याची खूण आहे. त्या विद्यार्थ्यांनी असले शंकू जमवून ठेवले होते म्हणे. २००१ साली तो जगाला खुला झाला, आणि आज तुमच्या-आमच्या संगणकावर दहा प्रोग्रॅमांनी नाकारलेली फाईल तो मुकाट्याने वाजवून दाखवतो. पोरांच्या उचापतींतून कधी कधी असेही निघते.

त्यानंतरची हकीकत म्हणजे निव्वळ भाऊबंदकी आहे. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे दाखवण्यासाठी काही हौशी मंडळींनी एक प्रोग्रॅम लिहिला. तोच २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो. त्यातून २००८ च्या सुमारास प्लेक्स वेगळा निघाला. एम्बी नावाचा आणखी एक प्रोग्रॅम होता. त्याच्या चालकांनी आपली संहिता लोकांना दाखवायचे बंद केले, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये रुसलेल्या मंडळींनी जेलीफिन या नावाने दुसरी चूल मांडली. आपल्याकडच्या वाटण्यांपेक्षा या वाटण्या एका बाबतीत फार सोयीच्या असतात. इथे वाडा निम्मा निम्मा होत नाही. दोघांनाही अख्खा वाडा मिळतो, आणि पुढे कोण नीट राखतो ते दिसते. जेलीफिनवाल्यांनी तो बरा राखला आहे. तो फुकट आहे, आणि घरच्या टाकीला कुणाच्या परवानगीची गरज लागू नये असा त्यांचा कटाक्ष आहे. प्लेक्स दिसायला अधिक देखणा. पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलाच साठा पाहायचा तर तिथे पैसे मोजावे लागतात. कंपनीलाही पोट आहे, हे मला मान्य. पण माझ्या घरच्या माठातले पाणी मी गावाला गेल्यावर मोजून मिळावे, हे काही मला रुचत नाही.

इथे काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप हवाच कशाला? महिन्याला ठराविक रक्कम भरली की हजारो चित्रपट समोर हजर. खरे आहे. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये हा धंदा सुरू केला, जानेवारी २०१६ मध्ये तो आपल्याकडे आला, आणि त्याने आमच्या घरची रविवार संध्याकाळ सुखाची केली हे मी नाकारत नाही. पण ते भाड्याचे घर आहे. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावे लागते, आणि मालक केव्हा काय हलवील याचा नेम नाही. महिन्यापूर्वी पाहिलेला सिनेमा आज शोधला तर जागेवर नसतो; करार संपलेला असतो.

भाड्याचे सोडा, विकत घेतलेलेही नाहीसे झाल्याची उदाहरणे आहेत. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. प्रकाशनाच्या हक्कांचा घोळ होता, पैसेही परत दिले. पण त्यांतले एक पुस्तक नेमके जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ निघावे! कागदपत्रे जाळून भूतकाळ पुसणाऱ्या सरकारची ती गोष्ट. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत मिळाले. पुस्तके मात्र उघडेनाशी झाली. दोन्ही ठिकाणी ग्राहकाचे पैशाचे नुकसान झाले नाही. तरीही कुणी रात्री येऊन आपल्या कपाटातले पुस्तक उचलून न्यावे आणि जागी नोटा ठेवून जावे, हे मनाला कसेसेच वाटते.

जाता जाता एक सांगून टाकतो. चोरीचे सिनेमे उतरवून घेणाऱ्यांसाठी मी लिहीत नाही. तसली पत्रे येतात. ती मी टोपलीत टाकतो. माझे बोलणे आहे ते घरच्या साठ्याविषयी. आणि तो साठा प्रत्येक घरात असतो. मुंजीची व्हीएचएस टेप, आजोबांच्या आवाजाची कॅसेट, मुलीच्या पहिल्या पावलांचे कॅमकॉर्डरवरचे चित्रण. कुठल्याही कंपनीकडे कितीही पैसे भरा, हे तिथे मिळायचे नाही. आणि कपाटात ठेवून ते टिकायचेही नाही. फितीवरचा थर झिजतो, बुरशी धरतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ती वाजवणारी यंत्रेच संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, आणि ती बनवणारी शेवटची कंपनी तीच होती. आज घरोघरच्या माळ्यावर जे व्हीसीआर आहेत तेवढेच आहेत. तेव्हा लॅपटॉपाचा विचार पुढच्या दिवाळीला केला तरी चालेल. टेपांचा विचार या दिवाळीला करा.

बरे, आता यंत्राकडे येऊ.

आमच्या घरी या विषयावर तीन पक्ष आहेत. चिरंजीव अ‍ॅपलचे. २०२० च्या अखेरीस आलेल्या पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर त्यांचे जे प्रेम जडले ते जडलेच. जावईबापू खेळांचे शौकीन. त्यांच्या लॅपटॉपाच्या कळांखाली गणपतीच्या आराशीसारखे रंगीत दिवे लागतात आणि पंखा सुरू झाला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखे वाटते. मी जुन्या थिंकपॅडवाला. हा काळा, चौकोनी, दिसायला सरकारी टपाली पेटीसारखा लॅपटॉप १९९२ मध्ये आयबीएमने काढला आणि २००५ पासून तो लेनोवोकडे आहे. जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याचे रूप सुचले, असे सांगतात. चार स्क्रू काढले की आतले सगळे दिसते आणि बरेचसे बदलता येते, निदान जुन्या नमुन्यांत तरी. यामुळे जगभरच्या हौशी लोकांत त्याला जो मान आहे, तो आपल्याकडे जुन्या बजाज स्कूटरला होता तसा.

गेल्या वर्षी घरात टाकी बसवायची ठरली तेव्हा तिघांचा वाद भरात आला. चिरंजीव वेग सांगत होते, जावईबापू ग्राफिक्स कार्डाचे आकडे सांगत होते. आमची ही फराळाचे डबे भरत ऐकत होती. तिने दोनच प्रश्न विचारले. “ते रात्री आवाज करणार का? आणि वीज किती खाणार?”

इतक्या वेळात कुणी विचारले नव्हते असे हे दोन नेमके प्रश्न होते.

आधी विजेचे पाहू. जुना लॅपटॉप पडदा मिटून, बाहेरची हार्ड डिस्क जोडून नुसता जागा ठेवला, तर साधारण १५ वॅट घेतो असे धरा. दिवसाला ०.३६ युनिट, वर्षाला १३१ युनिटे. टेबलावरचा मोठा संगणक असाच जागा ठेवला आणि त्याने ६० वॅट घेतले, तर वर्षाला ५२५. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा. फटाक्यांचा खर्च निघेल. शिवाय लॅपटॉपाला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तो धाडकन बंद पडत नाही. मोठ्या संगणकाला हीच सोय वेगळी विकत घ्यावी लागते.

आता शक्तीचे. इथे लोकांचा फार घोटाळा होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. टाकीचे काम दोन प्रकारचे असते. समजा, तुमच्याकडे आलेले मराठी पत्र तुम्ही शेजाऱ्याला द्यायचे आहे. शेजारी मराठी वाचणारा असला तर पाकीट नुसते हातात ठेवायचे. हे काम शाळकरी पोरही करील. पण शेजाऱ्याला फक्त तमिळ येत असेल, तर मध्ये दुभाष्या बसवून पत्र ओळीओळीने उलथून लिहावे लागते, तेही तो वाचत असतानाच, त्याला थांबायला न लावता. संगणकाचेही तसेच. सिनेमाची फाईल ज्या सांकेतिक पद्धतीने बांधलेली असते ती टीव्हीला कळत असली, तर टाकीला फक्त फाईल सरकवायची असते. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉपही ते झोपेत करतो. टीव्हीला ती पद्धत कळत नसली, की दुभाष्याचे काम आले. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि जुन्या यंत्रांना धाप लागते ती इथे.

या पद्धतींच्याही पिढ्या आहेत. २००३ ची एच.२६४ आज बहुतेक सर्व यंत्रांना वाचता येते. ती आपली बोलीभाषा. २०१३ मध्ये एचईव्हीसी आली. तेच चित्र सुमारे निम्म्या जागेत मावते. २०१८ ची एव्ही१ आणखी काटकसरी. घरच्या टेपा संगणकावर घेताना मी सगळ्यांना एच.२६४ च वापरायला सांगतो. थोडी जागा जास्त जाते, पण घरातला कुठलाही टीव्ही ती वाचतो आणि दुभाष्याची वेळच येत नाही. उपशीर्षके मात्र साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवावीत. ब्ल्यू-रे तबकडीवरची उपशीर्षके चित्ररूप असतात; ती अनेक टीव्हींना वेगळी दाखवता येत नाहीत, आणि मग दोन ओळींसाठी टाकीला सगळा सिनेमा नव्याने लिहावा लागतो. ‘सिनेमा चांगला चालतो, अक्षरे लावली की अडखळतो’, अशी तक्रार असेल तर रोग बहुधा हाच.

तरीही दुभाष्या लागलाच तर? जानेवारी २०११ पासून इंटेलने आपल्या बऱ्याचशा प्रोसेसरांच्या पोटात याच कामासाठी एक स्वतंत्र कारकून बसवला आहे. त्याचे नाव क्विक सिंक. मुख्य साहेबाला हात न लावता तो मुकाट्याने भाषांतर करत राहतो. सहाव्या पिढीत, २०१५ मध्ये, तो एचईव्हीसी शिकला; पण ८ बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटांची. सातव्या पिढीत, २०१६ च्या उत्तरार्धात, तो १० बिटांची, म्हणजे १०२४ छटांची एचईव्हीसी शिकला. अलीकडची उत्तम चित्रणे बहुतेक याच पद्धतीची असतात. अकराव्या पिढीला, २०२० मध्ये, एव्ही१ वाचता येऊ लागली.

आता गंमत बघा. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना आणखी एका वर्षाची मुदत मिळाली. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ती, थोडे अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. म्हणजे सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप एका फटक्यात निवृत्त झाले. कचेऱ्यांनी ते गठ्ठ्यांनी विकायला काढले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन बघा, नाहीतर आपल्याच घरातले माळे तपासा. ज्या पिढीचा कारकून नेमका आपल्याला हवे ते शिकलेला आहे, तीच पिढी मोडीत निघाली! नोकरीतून काढलेला अनुभवी माणूस घरच्या कामाला मिळावा, त्यातलाच हा प्रकार. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स घाला, ८ जीबी मेमरी असू द्या, प्रणालीसाठी लहानशी एसएसडी बसवा, टाकी तयार. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले ते सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या गणनकेंद्रांकडे वळला. तेव्हा नव्यापेक्षा जुन्याकडे पाहण्याचे हेही एक कारण.

विकत घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. टचपॅड किंवा मागचे झाकण जरा वर उचललेले दिसले, तर बॅटरी फुगलेली आहे; ती काढून नवी घालायची तयारी असल्याशिवाय तो लॅपटॉप घरात आणू नका. आणि आणल्यावर, यंत्रात सोय असेल तर, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची कळ शोधून ती लावा. अहोरात्र विजेला जोडलेली, शंभर टक्के भरलेली, गरम जागी ठेवलेली बॅटरी लवकर फुगते. टाकीची जागा देवघराच्या समईशेजारी, टीव्हीच्या बंद कपाटात किंवा फ्रिजवर नसावी. मी तिन्ही ठिकाणी पाहिली आहे.

तारेविषयी थोडे. दोन तासांचा, ८ जीबीचा सिनेमा म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट. एवढे बिनतारी जाळ्यातून सहज जाते. तरी चित्र अडखळत असेल तर दोष लॅपटॉपाचा क्वचितच असतो. शेजारपाजारच्या वीस राउटरांनी २.४ गिगाहर्ट्‌झच्या गल्लीत केलेल्या गर्दीचा असतो. निदान टाकी तरी राउटरला तारेने जोडा. टीव्हीच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी होऊ शकते. पुष्कळ महागड्या टीव्हींच्या तारेच्या तोंडातून सेकंदाला १०० मेगाबिटांहून अधिक काही आत जात नाही. ६० जीबीचा फोर-के सिनेमा सरासरी ६७ मेगाबिट मागतो आणि धामधुमीच्या दृश्यांत शंभराच्या वर उडी मारतो. अशा वेळी चांगले ५ गिगाहर्ट्‌झचे बिनतारी जाळे तारेपेक्षा सरस ठरते. हे ऐकून जावईबापूंनी तीनशे रुपयांची तार मुकाट्याने गुंडाळून ठेवली.

आणि ज्यांना नवा लॅपटॉप हवाच आहे, अभ्यासाला, कामाला, त्यांनी तो खुशाल घ्यावा. पण टाकीसाठी म्हणून घेऊ नये. घेताना मेमरी बदलता येते की पाटीवर डाख देऊन कायमची बसवली आहे, एवढे दुकानदाराला विचारा. बसवलेली असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट घ्या. नंतर वाढवता येणार नाही. बाकी कळपाट हाताला कसा लागतो आणि पडदा उन्हात दिसतो का, हे आकड्यांपेक्षा महत्त्वाचे.

इतके सांगितले तरी ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते अजून राहिलेच आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि या नादात माझ्याहून चार पावले पुढे. त्यांच्याकडे दोनशेच्या वर कॅसेटी होत्या. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची पंधरा वर्षे त्यांनी स्वतः मुद्रित केलेल्या. गणेशोत्सवातली गाणी, नातेवाइकांच्या गप्पा, मुलांची बडबड आणि त्यांच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. कॅसेट भराभर उतरवता येत नाही. दीड तासाच्या कॅसेटला दीड तासच लागतो. दोनशे कॅसेटी म्हणजे तीनशे तास. काकांनी रोज एक तास बसून दहा-अकरा महिन्यांत ते काम पुरे केले. जुन्या लॅपटॉपावर टाकी उभारली. काकू पोळ्या लाटता लाटता फोनवर सासूबाईंचा आवाज ऐकत. पाहुण्यांना काका ते मोठ्या अभिमानाने दाखवत.

दीड वर्षापूर्वी काका गेले. दिवसकार्य आटोपले. पुढे पावसाळ्यात एकदा वीज बराच वेळ गेली, बॅटरी संपली आणि टाकी बंद पडली. बटण दाबले की काळ्या पडद्यावर इंग्रजीत पासवर्ड मागे. मुलगा टोरांटोला, तो फोनवरून सांगे, काकू इकडे बटणे शोधत. त्याची रात्र आणि इकडची सकाळ जुळवून चार-पाचदा खटपट झाली, मग सगळ्यांनीच नाद सोडला. चार महिने घरात ओव्यांचा आवाज नव्हता. लॅपटॉप बिघडला नव्हता. तो चालवणारे गेले होते.

काकूंनी मला बोलावले तेव्हा मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपाला जोडली. सुदैवाने तिला कुलूप घातलेले नव्हते. फायली शाबूत होत्या. पण नावे होती ‘००१ अ’, ‘००१ ब’, ‘०४७ ब’. कुठल्या क्रमांकात काय आहे ती यादी काकांनी केली होती, ती निराळ्या फाईलमध्ये, आणि तिला निराळा पासवर्ड होता. काका शिस्तीचे होते.

मग आम्ही दुपारी बसू लागलो. मी फाईल लावायची, काकूंनी ऐकायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी मला वाटले होते, चारशे बाजू ऐकायला वर्ष जाईल. पण काकूंना बाजूभर ऐकावेच लागत नव्हते. मागे गाडीची शिट्टी आली की म्हणत, “हे कल्याणचं जुनं घर.” एका फितीत गाण्यामागे मूल रडत होते. “हा रडतोय म्हणजे १९८४ ची दिवाळी. फुलबाजीनं हात भाजला होता.” एका ठिकाणी नुसतीच कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाज, मी पुढे ढकलणार होतो, तोच त्या म्हणाल्या, “थांबा. ह्या मोठ्या जाऊबाई. बोलत नाहीत, पण त्याच आहेत. भांडी अशी त्याच आपटायच्या.” काकांच्या यादीत ‘०४७ ब : ओव्या’ एवढेच असणार. काकूंच्या वहीत त्या ओव्यांच्या आधी सासूबाईंनी विचारलेले “सुरू झालं का ते?” हेही आहे, आणि तो दिवस नागपंचमीचा होता हेही आहे.

तेव्हापासून कुणीही ‘लॅपटॉप कोणता घेऊ’ म्हणाले, की मी यंत्राच्या आधी कागद मागतो. फुलस्केप कागद, मराठीत, मोठ्या अक्षरात. यंत्र कुठे आहे, कुठले बटण दाबायचे, पडद्यावर काय दिसेल, पासवर्ड काय, साठ्याची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे. दुसरी प्रत हवीच, आणि ती दुसऱ्या घरी हवी. हार्ड डिस्क कधीतरी मरतेच, आणि चोर किंवा पाणी घरात शिरले तर शेजारी ठेवलेली प्रतही जाते. आमची प्रत पुण्याला माझ्या बहिणीकडे असते. भाऊबीजेला जुनी डिस्क आणतो आणि नवी ठेवून येतो. पासवर्ड कागदावर लिहायचा म्हटल्यावर चिरंजीव दचकले. सुरक्षेचे नियम त्यांनी मला म्हणून दाखवले. बँकेचा पासवर्ड कुणी भिंतीवर लावू नये, हे मलाही कळते, आणि टाकीचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, हेही. पण आमच्या घरात शिरलेला चोर आधी टीव्ही उचलील. माझ्या आत्याच्या मंगळागौरीचे चित्रण बघत बसणार नाही.

आमचा कागद हिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. चिकटवण्यापूर्वी मला गॅलरीत उभे करून तिने तो वाचत टाकी एकदा स्वतः बंद केली आणि स्वतः चालू केली. काकूंचा कागद त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्यांची टाकी आता पोटमाळ्यावरून खाली, शिवणयंत्राच्या शेजारी आणली आहे, म्हणजे बटणासाठी स्टुलावर चढायला नको. वहीत २६० बाजू लिहून झाल्या आहेत. उरलेल्यांसाठी त्यांनी मला भाऊबीज झाल्यावर दुपारी यायला सांगितले आहे.